दुचाकीचे जादा दिवे

उसाच्या हंगामांत शिरूर अनंतपाळहून निलंग्याकडे रात्रीं मोटारसायकलीनें जाणाऱ्या मुलांची चिंता घरोघरीं असते. मागील दिव्यावांचून उभी असलेली ट्रॉली मूळच्या ३५ वॅटच्या दिव्यास फार उशिरां दिसते. म्हणून आमच्या पुतण्यानें जादा दिव्यांचा हट्ट धरला, तेव्हां मीं नकार दिला नाहीं. मात्र त्यास आधीं गणितास बसविलें.

१८ वॅटचे दोन दिवे म्हणजे ३६ वॅट. त्यांस १२ व्होल्टनें भागलें कीं ३ अँपियर येतात. हा भार मूळ दिव्याच्याच बारीक तारेवर टाकल्यास तो दुपटीहून अधिक होतो. तार तापून वेष्टन वितळूं शकतें, आणि वर पेट्रोलची टांकी असते! यास्तव बॅटरीच्या धन टोंकापासून स्वतंत्र तार घ्यावी, तेथेंच ५ अँपियरचा फ्यूज बसवावा, पुढें रिले व मग दिवे. बटनानें केवळ रिले चालवावा. त्याची वीज चावीनंतरची असावी, म्हणजे गाडी बंद होतांच दिवेहि विझतात. हँडलपाशीं तार किंचित् सैल सोडावी.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार वर्ज्य केला आहे. तेव्हां परिवहन कार्यालयांत आधीं विचारणें इष्ट.

शेवटीं एकच. झोत खालीं रस्त्यावर वळवावा, आणि समोर वाहन दिसतांच जादा दिवे मालवावे. समोरून येणारा दिपून पडला, तर तोहि कोणाच्या तरी घरचा मुलगाच असतो.