वरून नामंजूर

माझ्या सेवाकाळातील एक शेरा मला अजून टोचतो. एका हिंदी भाषिक राज्यात आरोग्य विभागाचे काम माझ्याकडे असताना तिथल्या सरकारी कर्करोग रुग्णालयाचा एक प्रस्ताव आला होता. मागणी लहानशी होती: नोंदी ठेवण्यासाठी एक सहायक, आणि तीन परिचारिकांना संशोधनाच्या कामासाठी आठवड्यातून अर्धा दिवस मोकळीक. मी लिहिले, "परिचारिकांचे मूळ काम रुग्णसेवा. संशोधनासाठी तरतूद नाही. अमान्य." शेरा नियमाला धरून होता. फाइल परत गेली.

वर्षभराने पाहणीसाठी त्या रुग्णालयात गेलो. किरणोपचार विभागातील एका वयस्क सिस्टरने एक जाड वही पुढे ठेवली. उपचार अर्धवट सोडून गेलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव, गाव आणि समोर कारण. ते कळावे म्हणून ती ड्यूटी संपल्यावर पदरच्या पैशांनी फोन करीत असे. 'गरिबी', 'अज्ञान' हे आपले ठरलेले शब्द त्या वहीत क्वचितच होते. धर्मशाळेत पंधरा दिवसांपलीकडे राहू देत नाहीत. गव्हाची कापणी आली. सोबतच्या मुलाची रजा संपली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. मध्ये खंड पडला तर रोग बरा होण्याची शक्यता घटते. म्हणजे धर्मशाळेचा एक नियम जीवावर बेतू शकत होता.

"हे लिहायला कोणी सांगितले?" मी विचारले.

"कोणीच नाही, साहेब. माणसे परत का येत नाहीत, हे इथे कोणालाच माहीत नव्हते. थोडा वेळ मिळावा म्हणून अर्ज केला होता. वरून नामंजूर झाला."

ते 'वर' म्हणजे मीच, हे तिला ठाऊक नव्हते. मीही सांगितले नाही.

चहा घेताना अधीक्षक म्हणाले, "आपण महाराष्ट्रातले. बार्शीचे काम आपण पाहिलेच असेल." बार्शी म्हटले की मला भगवंताचे मंदिर आणि जुनी बार्शी लाइट रेल्वे आठवे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथे सुरू झाली, हे मला परप्रांतात एका परप्रांतीयाकडून कळले. खेड्यातील रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतोच असे नाही. म्हणून तिथले कर्मचारी गावोगाव फिरून, लोकांशी बोलून नोंद घेतात.

मग मी वाचू लागलो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची ती तपासणी डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्यसेविकांनी केली. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना मात्र तपासणी नव्हे, केवळ आरोग्यशिक्षण मिळाले, यावर नैतिक आक्षेपही घेतले गेले. ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. संशोधन कोण करते याइतकेच ते कोणावर होते, हेही प्रशासनाने विचारले पाहिजे.

परंतु एक गोष्ट पटली. संशोधन हे रुग्णसेवेतून उरलेल्या वेळात करायचे काम नव्हे. आपली सेवा कुठे तोकडी पडते, हे शोधणे हाच सेवेचा भाग आहे. आणि ते रुग्णाच्या सर्वांत जवळ असणाऱ्याला आधी दिसते.

मी ती फाइल परत मागवली आणि माझाच शेरा खोडला. परिचारिकांना अर्धा दिवस मिळाला. सहायकाचे पद वित्त विभागात अडकले ते अडकलेच. धर्मशाळेच्या विश्वस्तांशी बोलणे मात्र एका दुपारचे काम ठरले. उपचार पुरे होईतो राहण्याची मुभा त्यांनी दिली. असे कारण आजवर त्यांना कोणी सांगितलेच नव्हते!

घरापासून दूर, अन्य प्रांतांत प्रशासनात असलेल्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते: 'तरतूद नाही' असे लिहिण्यापूर्वी ज्याने मागणी केली त्याची वही एकदा पाहा. मला तो शेरा लिहायला दोन मिनिटे लागली होती. नंतरच्या वर्षभरात त्या वहीत किती नावे चढली, ते मोजण्याचे धैर्य मला झाले नाही.