वाचणारा डोळा

वाचनाची सवय म्हणून आपण जिचे कौतुक करतो ती खरोखर एक सवय नसते. लहानमोठ्या अनेक सवयींची ती मोळी असते. रोजच्या वर्तमानपत्राने ती सुटत नाही. एखादी जुनी, दीर्घ आणि मनावर भार घालणारी कादंबरी हाती घ्यावी, म्हणजे मोळीतील एकेक काडी वेगळी दिसू लागते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ या चातुर्मासात मी रोज थोडी थोडी वाचावयास घेतली, तेव्हा मला हा अनुभव आला.

पहिली काडी वडिलार्जित. आमचे वडील येथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकले. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात त्यांच्या वेळी गणित काय, इतिहास काय, सारे उर्दूतून शिकवीत. उर्दू पुस्तक आपल्या दृष्टीने शेवटाकडून उघडते. त्यामुळे मराठी पुस्तक आले तरी वडिलांचा अंगठा आधी मलपृष्ठाकडे जाई, आणि उघडलेल्या पानावरच्या दोन ओळी वाचल्यावाचून त्यांना राहवत नसे. मी उर्दू लिपी शिकलो नाही. अंगठा मात्र तोच उचलला. सुलतान बाजारातील मराठी घरांतून असे अंगठे आणखीही निघतील!

दुसरी गोष्ट पोथीची. आमच्या घरी चातुर्मासात श्रीधरांचा ‘हरिविजय’ लागे. त्याचे ३६ अध्याय. अध्याय अर्धा टाकून उठावयाचे नाही, ओवी गाळावयाची नाही, असा दंडक. वाचणारा एक आणि ऐकणारे दहा; त्यांच्या देखत चार पाने उलटून पुढे जाण्याची सोय कोठली? कादंबरीला हा जाच नाही. एकट्याने मनातल्या मनात वाचताना डोळा मोकाट सुटतो. माझा तर संवादावरून संवादावर उड्या मारीत जातो. यमुना आपली कहाणी सांगता सांगता थांबून विचार करू लागली, की परिच्छेद लांबतो, आणि डोळा त्याच्या तळाशी जाऊन पुढचे कोण बोलते याची वाट पाहत बसतो.

हरिभाऊंच्या पहिल्या वाचकांना ही मुभा नव्हती. १८९० साली त्यांनी सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः येत होती. आठवड्याला मिळेल तेवढाच घास. उरलेले दिवस यमुनेची काळजी करण्यात जात असतील. आणि काळ तरी कसा! १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, तेवढ्यासाठी पुण्यात वादाचे रान पेटले होते. करमणुकीतील यमुना आणि शेजारच्या माडीवरची सून यांत वाचकाला फारसे अंतर ठेवता आले नसेल.

मी पानाच्या कडेला पेन्सिलीने तारीख घालीत असे. त्या तारखा मागाहून चाळल्या, तेव्हा एक गंमत, गंमत तरी कशी म्हणावी, ध्यानात आली. यमुना आणि रघुनाथराव यांच्या मुंबईतील सुखाच्या दिवसांवर मी अकरा दिवस रेंगाळलो होतो. काही पाने दोनदा वाचली. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असल्याने पाऊल अडत होते. रघुनाथराव गेल्यानंतरच्या पानांवर मात्र एकच तारीख. सक्तीने केलेल्या केशवपनाचा प्रसंग तर वाचला म्हणण्यापेक्षा ओलांडला म्हणावे.

म्हणून दुसऱ्या दिवशी देवापुढचे निरांजन झाल्यावर तो भाग मी पत्नीला पोथीसारखा मोठ्याने वाचून दाखविला. आवाजाला उडी मारता येत नाही. प्रत्येक शब्द ओठांवर येतो, आणि काही शब्द तेथेच थांबतात.

आमच्या घरी वडिलांच्या आत्या होत्या. आम्ही त्यांना आत्याआजी म्हणत असू. लाल अलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर. ‘हरिविजय’ ऐकावयास खांबाला टेकून त्या सर्वांच्या आधी बसत. त्यांच्या मांडीवर आम्ही भावंडे वाढलो. त्यांच्या हातच्या मेतकुटाची चर्चा घरात पुष्कळ होई, त्यांच्या पाठांतराची होई. त्या एका दिवसाची कधी झाली नाही. बोलणे त्या बाजूस वळू लागले, की कोणीतरी विषय पुढे सरकवी. पानावरून डोळा सरकावा तसा, अगदी सहज.

मी वाचावयाचा थांबलो तेव्हा पत्नी काही वेळ वाती वळीत होती. मग म्हणाली, “अहो, आत्याआजी तेव्हा केवढ्या होत्या?”

नांदेडला ताईला फोन लावला. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला आईने एकदाच, न्हाणीघरात तिची वेणी घालताना, सांगितले होते.

“चौदा,” ताई म्हणाली, आणि मग बराच वेळ दोन्हीकडे कोणी बोलले नाही.

ती पाने आता रोज एक, मोठ्याने, अशी चालली आहेत. ताई पलीकडून फोनवर ऐकते.