एकेचाळीस चाव्या

नोकरी माझ्या हाती आली ती बिस्किटांच्या एका जुन्या डब्यातून. डब्यात एकेचाळीस चाव्या होत्या आणि एकीवरही नंबर नव्हता. "यातल्या बऱ्याच चालतात," एवढे सांगून आधीचे दिवाणजी जिना उतरले ते उतरलेच. नंतर फोन केला तर उचलीनात.

इमारत खामगावची. खाली नऊ दुकाने, वर बावीस खोल्या, मालक पुण्याला. भाडे गोळा करायचे, पाण्याची मोटर लावायची, विजेचे बिल वाटून घ्यायचे, रिकामी खोली दाखवायची आणि मालकांचा फोन उचलायचा, हे माझे काम. कॉलेज सुटले की बारा ते सात. पगार साडेसहा हजार. हुद्दा मात्र मॅनेजरचा! मायने तो हुद्दा आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या चार-चार घरांपर्यंत पोहोचवला. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिलाच. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी; त्याच कापसाच्या गावात माझे वडील पोती उचलत आले आहेत.

पहिल्या आठवड्यात खुर्चीवर बसायला मिळाले नाही ही गोष्ट वेगळी. वह्या तीन निघाल्या. दोन एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि तिसरीत नुसत्याच खुणा होत्या. कुठे फुली, कुठे टिंब. त्या खुणांचा अर्थ दिवाणजी सोबत घेऊन गेले होते. कोणी म्हणे तीन महिन्यांचे भाडे दिले, वहीत एकाही महिन्याचे नाही. पावती मागितली तर लोक हसत. पावती या इमारतीत कोणी पाहिलीच नव्हती. खालच्या शिंप्याचे दुकान आणि वरचा व्हरांडा एकाच मीटरवर. बिल आले की शिंपी वर बोट दाखवी, वरचे खाली. दोन मुलांच्या नावावर दिलेल्या खोलीत पाच जण निघाले. त्यातला एक आमच्याच वर्गातला. त्याने मला पाहून पांघरूण डोक्यावर ओढले, मीही त्याला ओळखले नाही. मोटर तर रोज एक नवे नाटक करी, आणि आमच्याकडे नळ दिवसाआड आला तरी ती चैनच, तेव्हा मोटर बंद म्हणजे बावीस दारे उघडून बावीस तोंडे माझ्याकडे.

हे सगळे मी निभावून नेले असते. गोंधळाला मी भीत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांत वाढलेल्याला गोंधळाचे काय! पण मग चौदा नंबर आला.

चौदा नंबरात एक मावशी एकट्या राहतात. पापड, कुरडया करून विकतात. त्यांचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते. मालकांचा फोन आला, "चौदा नंबरचं पाणी बंद कर. दोन दिवसांत भाडं आपोआप येतं." गच्चीवर प्रत्येक खोलीचा वेगळा कॉक आहे. मी विचारायला हवे होते. विचारले नाही. "हो साहेब" म्हटले, वर गेलो आणि कॉक फिरवला. तो इतका घट्ट होता, की दोन्ही हात लावावे लागले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून सकाळीच गेलो. मावशी खालच्या दुकानातून बादली भरून जिना चढत होत्या. मध्येच थांबल्या, बादली पायरीवर टेकवली आणि म्हणाल्या, "आज कालेज नाई का रे बाप्पा?" बस, एवढेच. पाण्याचे त्यांनी काढलेच नाही. बादली मी वर नेऊन दिली, गच्चीवर गेलो, कॉक उघडला. संध्याकाळी मालकांनी विचारले तेव्हा "बंदच आहे" असे खोटे सांगितले. एका दिवसात दोन्ही बाजूंनी खोटा झालो.

त्या आठवड्यात नोकरी सोडायची हे मी मनाशी पक्के केले. राज्यशास्त्राच्या सरांना सहज म्हणून सांगितले, तर त्यांनी ग्रंथालयात पाठवले. तिथे कळले की विदर्भात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. त्यात भाडेकरूला नोटीस देण्याआधी मालकाला नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. पुढे साऱ्या राज्याला मिळून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाड्याची पावती देणे सक्तीचे आहे. आणि कलम २९ मध्ये असे, की मालकाने किंवा त्याच्या वतीने वागणाऱ्या कोणीही योग्य कारणाशिवाय पाणी, वीज यांसारखा पुरवठा तोडू नये. 'त्याच्या वतीने वागणारा' म्हणजे कोण, हे शोधायला मला दुसरे पुस्तक लागले नाही.

घरी वडिलांना सांगितले. त्यांना कायद्याचे काही वाटले नाही. जेवता जेवता म्हणाले, "सोडाची असल तं सोड. पण तू सोडल्यावर तो कॉक कोन फिरवन?" मी म्हटले, दुसरा कोणी येईल. "मंग तो फिरवन," म्हणाले आणि भाकरी मोडली. मायने तेवढ्यात धाकटीच्या शाळेच्या खर्चाचा विषय काढला. तो मुद्दामच काढला असावा. साडेसहा हजारांचा हिशेब मी त्या रात्री तीनदा मांडला. तिन्ही वेळा नोकरीशिवाय तो जुळला नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. मी काही केवळ मावशींसाठी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक माझ्या पैशांनी आणले. मग मालकांना फोन लावला. आवाज कापत होता. म्हटले, "साहेब, भाडे घेतले की पावती देईन आणि पाणी मी कोणाचेही बंद करणार नाही. चौदा नंबरचेही चालूच आहे." पलीकडे बराच वेळ शांतता. "तुला शिकलेला म्हणून ठेवलं, मला शिकवायला नाही," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन दिवस मी बोलावण्याची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी फोन आला तो मोटरचे काय झाले हे विचारायला. बाकी एक शब्द नाही. नोकरी आहे की गेली, हे मीही विचारले नाही.

मावशींनी परवा एका महिन्याचे भाडे दिले. पावतीवर स्वतःचे नाव त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि ती पिठाच्या डब्याखाली ठेवली. दुसऱ्या महिन्याचे अजून बाकी आहे.

बहिणीची नखपॉलिश घेऊन मी सध्या दारोदार चाव्या लावून पाहत हिंडतो. लागली की तिच्यावर लाल आकडा. आतापर्यंत सव्वीस लागल्या. डब्यात पंधरा उरल्यात आणि दारे उरलीत पाच.