गळ वर, वजन खाली

आम्ही राहतो इंग्लंडात, बर्मिंगहॅमला. रविवारी मुलांसह कालव्यावर गळ टाकून बसतो, हे ऐकून गावाकडची मंडळी हसतात. पण येथे पर्च मासा काठाजवळच सापडतो आणि ‘ड्रॉप शॉट’ची रीत नवख्यालाही जमते. वजन तंगुसाच्या टोकाला. गळ त्याच्या वर वीत-दीड वीत, टोक आभाळाकडे ठेवून बांधलेला. वजन तळाला टेकले की तंगूस ताणायचा, काठीचे टोक किंचित थरथरवायचे आणि थांबायचे. मासा बहुधा थांबल्यावरच धरतो. मुलांना नेमके हेच जड जाते!

हलकी काठी, ६ पौंडी तंगूस, बारीक गळ, दोन इंची रबरी आमिष, एवढ्यात भागते. दुकानदार आणखी पुष्कळ दाखवतो. दाखवू द्या.

वजनाबाबत मात्र आम्ही हट्टी आहोत. ब्रिटनमध्ये १९८७ पासून बहुतेक लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीला बंदी आहे, कारण हंस ती खडे समजून गिळत आणि मरत. तरी जुन्या डब्यांतून शिसे निघतेच, आणि ते दातांनी दाबून तंगुसावर बसवण्याची खोड सगळीकडची. मायबहिणींनो, मुलांना तसे करू देऊ नका; शिसे वाढत्या मेंदूला घातक असते. टंगस्टनचे वजन महाग पडते. आम्ही साधा लोखंडी नट बांधतो.