लहरींचे महाजन

ज्या वस्तूला हात लावता येत नाही, जिची हद्द दगड पुरून आखता येत नाही आणि जिचे खरेदीखत कोणत्याही निबंधकाच्या दप्तरात सापडत नाही, तिचा धनी कोण? जमिनीच्या वादांत दिवस घालविणाऱ्या वकिलापुढे असा प्रश्न सहसा येत नाही. परंतु आपल्या खिशातील यंत्रे ज्या बिनतारी लहरींवर चालतात, त्या लहरी नेमक्या अशाच आहेत. आणि गरिबाच्या घरी इंटरनेट परवडणाऱ्या मोलात पोहोचावयाचे की नाही, हे त्यांच्या मालकीच्या प्रश्नावर पुष्कळसे अवलंबून आहे.

आपल्या देशापुरते या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिले. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या एका वादात न्यायालयाने सांगितले की, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहिताच्या दृष्टीनेच नियंत्रित झाला पाहिजे. पुढे २०१२ साली दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द करताना, अशा संपत्तीच्या बाबतीत शासन हे विश्वस्त आहे, हे तत्त्व त्याच न्यायालयाने पुन्हा ठासून मांडले. देवस्थानांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकांना हे तत्त्व परके वाटू नये. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मान्य केले. आमच्या गोव्यात १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीनुसार महाजन देवस्थानाचा कारभार पाहतात. पण कारभार पाहणे निराळे आणि धनी होणे निराळे, हे कोणत्याही चांगल्या महाजनास सांगावे लागत नाही. लहरींच्या बाबतीत शासन हे महाजन, कंपन्या या खंडकरी, आणि ज्याच्या नावाने सारा कारभार चालतो तो देव म्हणजे जनता, असे मला वाटते.

ही उपमा मनाशी धरून गेल्या तीस वर्षांतील स्वस्ताईची हकीकत पाहावी. नव्वदीच्या दशकात मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये अशोक झुनझुनवाला आणि त्यांचे सहकारी यांनी ‘कॉर्डेक्ट’ नावाची बिनतारी पद्धती सिद्ध केली. घरापर्यंत तांब्याची तार ओढण्याचा खर्च टाळला, तर लहान गावालाही दूरध्वनी परवडेल, हे त्यामागील सूत्र होते. भिंतीवर बसविलेल्या एका पेटीतून संभाषणही होई आणि सेकंदाला ३५ वा ७० किलोबिट वेगाचे इंटरनेटही मिळे. आज तो वेग पाहून कोणालाही हसू येईल. पण परवडणे हा यंत्राचा गौण गुण नसून पहिला गुण आहे, हा विचार तेथे होता.

त्या विचाराला देशव्यापी रूप आले ते मात्र व्यापाराच्या मार्गाने. २०१० साली बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव झाला. त्यात साऱ्या देशासाठी लहरी घेणारी एकमेव कंपनी १२,८४८ कोटी रुपयांना त्या घेऊन बाहेर पडली आणि त्याच दिवशी रिलायन्स उद्योगसमूहाच्या हाती गेली. त्या लहरींवर केवळ इंटरनेट द्यावयाचे होते. संभाषणाची मुभा २०१३ साली १,६५८ कोटी रुपये भरून मिळाली. या मुभेविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये फेटाळला आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. पहिले काही महिने ती फुकट होती. नवे जाळे इंटरनेटसाठीच विणलेले असल्याने संभाषणही त्यातून माहितीच्या पुडक्यांच्या रूपानेच वाहत होते. जुन्या पद्धतीची दुसरी यंत्रणा सांभाळण्याचा भार त्यावर नव्हता. देशात २०१४ साली एक गिगाबाइट माहितीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. २०१८ साली ते सुमारे १२ रुपयांवर आले.

माहिती स्वस्त झाली, तरी ती घेणारे यंत्रही हवे. तेही लवकरच आले. खिशात मावणारी ‘जिओफाय’ ही डबी २०१७ च्या दसऱ्याच्या सुमारास १,९९९ रुपयांऐवजी ९९९ रुपयांना विकली गेली. अशा एका डबीवर घरातील अनेक यंत्रे एकाच वेळी चालू शकतात. त्याच वर्षी आलेल्या ‘जिओफोन’ची तऱ्हा माझ्यासारख्याला अधिक लक्षवेधी वाटली. तो फुकट म्हणून गाजला. प्रत्यक्षात १,५०० रुपयांची अनामत घेतली जाई आणि तीन वर्षांनी यंत्र परत केल्यास ती परत मिळावयाची होती. दान, विक्री आणि गहाण या तिहींच्या सीमेवर उभा असलेला हा व्यवहार कायद्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असाच आहे.

या स्वस्ताईचे बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही मला एकाच ठिकाणी पाहावयास मिळाली. फोंडा महालातील ज्या देवस्थानाला मी कायद्याचा सल्ला देतो, ते डोंगरांच्या कुशीत खोल वसले आहे. बेळगाव, कारवार, इंदूर येथील कुळाव्यांच्या अभिषेकाच्या पावत्या करण्यासाठी तेथे अशीच एक डबी घेतली होती. देवळाच्या प्राकारात लहर पोहोचत नसे. अग्रशाळेच्या माडीवरील पश्चिमेच्या खिडकीत मात्र ती येई. म्हणून डबीचे स्थान त्या खिडकीत कायमचे ठरले होते.

२०२० साली देऊळ भाविकांना बंद झाले आणि शाळाही बंद झाल्या. शिक्षण यंत्रावर आले. आसपासच्या वाड्यांतील पाच मुली आणि दोन मुलगे यांच्या पालकांनी विनंती केली की, मुलांना सकाळी अग्रशाळेच्या माडीवर अंतर राखून बसू द्यावे. सभेत एका वयोवृद्ध महाजनांनी हरकत घेतली. ते मला म्हणाले, “वकीलबाब, देवाचो पयसो देवाच्याच कामाक लागूंक जाय.”

ही हरकत कृपणतेची नव्हती. विश्वस्ताने पैसा ज्या हेतूने मिळाला त्याच हेतूने खर्चावा, हा नियमच त्यांच्या तोंडून बोलत होता. मी एवढेच निवेदन केले की, अग्रशाळा परस्थांच्या आश्रयासाठी बांधलेली आहे. आणि रिचार्जचा रोजचा जो ठरीव वाटा आहे, तो वापरा वा न वापरा, मध्यरात्री संपतो. उरलेला दुसऱ्या दिवसाला शिल्लक राहत नाही. वृद्ध महाजन क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग तो नैवेद्यासारखाच झाला. शिळा करून ठेवण्यात पुण्य नाही.” ठराव त्यांनीच मांडला. नऊ ते एक या वेळात माडी मुलांना मोकळी झाली.

त्या मुलांपैकी नववीतील एक मुलगी डोंगराच्या पलीकडील वाड्यावरून रोज पायी येत असे. तिच्या घरी यंत्र होते, रिचार्जही होता. वडिलांनी दोन्ही आपल्या मजुरीतून घेतली होती. नव्हती ती केवळ लहर. तिच्या वाड्यावर ती पोहोचावी म्हणून टॉवर उभारण्यात कोणाला नफा दिसला नव्हता. स्वस्त यंत्राची गोष्ट आपण ‘किंमत किती’ या प्रश्नापाशी संपवितो. त्या मुलीसाठी ती तेथे सुरूही झाली नव्हती.

यासाठी कायद्यात तरतूद नाही असे नाही. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील पाच टक्के वाटा सार्वत्रिक सेवेच्या निधीत जमा करण्याची व्यवस्था आहे. जेथे व्यापार जात नाही तेथे सेवा न्यावी, हाच त्या निधीचा हेतू. २०२३ च्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव मिळाले. म्हणजे जो जो रिचार्ज करतो, तो तो या पेटीत आपला अंश टाकतच असतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खाजगी जीवनाच्या अधिकाराचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इंटरनेटद्वारे होणाऱ्या भाषणाला व व्यापाराला संविधानाचे संरक्षण आहे, असे सांगितले. मात्र प्रत्येक वाड्यावर जोडणी द्या, असा हुकूम त्या निर्णयांत नाही. ती मागणी लोकांनीच करावयाची आहे.

मागणी करण्यास आणखी एक कारण आहे. चढाओढीतून आलेली स्वस्ताई चढाओढ मंदावताच आटू लागते. या बाजारातील अनेक कंपन्या गेल्या दशकात नाहीशा झाल्या. मोठ्या खाजगी कंपन्या तीनच उरल्या आणि जुलै २०२४ मध्ये तिघींनीही दर वाढविले. २०२३ च्या गणेश चतुर्थीला छपरावरील पेटीतून घरात ब्रॉडबँड देणारी जिओची ‘एअरफायबर’ सेवा सुरू झाली, तीही प्रथम आठ मोठ्या शहरांत. नंतर ती पसरली. पण व्यापाराची वाट शहराकडून गावाकडे येते, आणि डोंगरापलीकडच्या वाड्याचा क्रम शेवटचा असतो.

कंपन्यांना याबद्दल दूषणे देण्यात अर्थ नाही. त्यांनी मोठी जोखीम घेऊन यंत्र स्वस्त केले, हे मान्यच केले पाहिजे. पण प्रसाद वाटणारा हात हा दात्याचा नसतो. लहर आपली आहे, म्हणून तिच्या कारभाराचा हिशेब विचारणे हा उद्धटपणा नव्हे. आणि मागणाऱ्यानेही स्वतःच्या अंगणात पाहावे: वेग सर्वांना हवा, टॉवर मात्र दुसऱ्याच्या परसात हवा, ही वृत्ती आमच्या गावोगावी आहे. शंका असल्यास किरणोत्सर्गाची मोजणी मागावी, जागा चर्चेने ठरवावी. केवळ नकार देऊन पलीकडच्या वाड्यातील मुलीची पायपीट वाढवू नये.

देवस्थानाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, तेव्हा आपण एकेका नारळाचा हिशेब विचारतो. पुढच्या ग्रामसभेत त्याच बारकाईने विचारावे: आपल्या गावातील कोणत्या वाड्यावर लहर नाही, निधीतून तेथे टॉवर मागितला आहे काय, आणि त्यासाठी जागा कोण देतो.