चार लिटर खारं पाणी

टाकी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच होती. आमच्या मुलुंडच्या घरात खिडकीशेजारचा कोपरा तिने अचूक भरला होता आणि कित्येक वर्षं तिच्यात एंजलफिश सुखाने राहिले. त्या माशाचा आकारच उभा, पंख वर-खाली लांब, त्यामुळे उंच टाकी त्यांना मानवायची. शेवटचा एंजल म्हातारा होऊन गेला तेव्हा नवीन काहीतरी करावं असं मनात आलं. तारापोरवाला मत्स्यालयात विद्यार्थ्यांना घेऊन जायचे तेव्हापासून समुद्रातल्या माशांची ओढ होतीच. याच टाकीत खारं पाणी करू, क्लाऊनफिशची जोडी ठेवू, असं मी ठरवलं.

कुर्ल्यात ज्याच्याकडून मी मासे घ्यायचे, त्या दुकानदाराने माप विचारलं आणि लगेच मान हलवली. “मॅडम, आडवी टाकी घ्या. ही नका वापरू.”

“पाणी तेवढंच मावतं ना?” मी विचारलं.

“पाणी तेवढंच, पण तोंड लहान.”

त्याच्या या वाक्यात सगळं आलं होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मला कोपरा मोडायचा नव्हता. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीतही तेवढंच म्हणजे छप्पन्न लिटर पाणी मावतं, पण तिच्या पाण्याचा पृष्ठभाग बरोबर दुप्पट असतो. हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो या पृष्ठभागातूनच. त्यात खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो. २८ अंश सेल्सियसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ७.८ मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४. म्हणजे तोंड लहान ठेवून मी आतलं पाणीही जास्त कोंदट करणार होते. एंजलफिशना ही टाकी पुरली, ती गोड्या पाण्यामुळे आणि आत वाढलेल्या वनस्पतींमुळे. मी श्रेय टाकीला दिलं.

काही गोष्टी मी नीट केल्या. जुनी वाळू टाकून दिली, कारण पूर्वी एकदा माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा मोरचुदाचं औषध वापरलं होतं, आणि तांब्याचा अंश कोळंबीसारख्या जिवांना घातक असतो. समुद्रातले खडक म्हणून कुणीतरी ‘लाइव्ह रॉक’ देऊ केले, ते घेतले नाहीत. ते बहुधा प्रवाळाचेच सांगाडे असतात आणि खडक बांधणारी प्रवाळं २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. त्याऐवजी कृत्रिम सच्छिद्र दगड आणले. मासेही हॅचरीत वाढलेलेच हवेत असा आग्रह धरला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे विकसित केलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घरी आणायचं कारण उरत नाही.

पण फिल्टरचा स्पंज जुनाच ठेवला. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात आहेतच, मग महिना-दीड महिना रिकामी टाकी चालवत कशाला बसायचं, असा माझा हिशेब होता. गोड्या पाण्यातले ते जिवाणू एकदम पूर्ण खारटपणात टाकले की त्यांचं काम जवळजवळ थांबतं. शिवाय खाऱ्या टाकीचा पीएच ८.२च्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी भाग ७ पीएचच्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त असतो. मासे आणल्यावर काही दिवसांतच चाचणीच्या नळीतला पिवळा रंग हिरवा झाला. रोज पाणी बदलत राहिले, म्हणून ते तगले. तिथेच थांबून पुन्हा सगळं तपासायला हवं होतं. संकट टळलं एवढंच मी धरून चालले.

मग एप्रिल उजाडला. पाणी ३१ अंशांवर गेलं. ते थंड राहावं म्हणून मी टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावला. पंख्याच्या वाऱ्याने पाण्याची वाफ होते आणि पाणी गार होतं. उपाय योग्य होता. पातळी मात्र रोज उतरू लागली, रविवारी बघावं तर तीन बोटं खाली. मी बादलीत मीठ कालवून ठेवलेलं पाणी त्यात ओतायचे. दर रविवारी चार लिटर.

मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, हे वर्गात सांगताना मी खिडकीबाहेर हात करायचे, कारण मुलुंड-भांडुपची मिठागरं तिथून जवळच. मुलांना ते लगेच समजायचं. आणि घरी येऊन मी स्वतःच्या दिवाणखान्यात मिठागर चालवत होते.

हिशेब अगदी साधा आहे. वाळू-दगड धरून टाकीत पाणी होतं पंचेचाळीस लिटर. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ म्हणजे एकूण १५७५ ग्रॅम. वाफ झाली ती निव्वळ पाण्याची. त्या जागी चार लिटर खारं पाणी घातलं की १४० ग्रॅम मीठ नव्याने आत जातं. पहिल्या रविवारी ३८, दुसऱ्या रविवारी ४१, तिसऱ्या रविवारी ४४. घालायचं होतं साधं, आरओचं पाणी, एवढंच.

खारटपणा मी मोजत नव्हते असंही नाही. प्लॅस्टिकचा काट्याचा हायड्रोमीटर होता आणि तो दर वेळी समाधानकारक आकडा दाखवायचा. मी तो धुऊन ठेवत नसे. काट्यावर मिठाची पुटं चढली होती, काटा जड झाला होता आणि म्हणून कमी दाखवत होता. आकडा मनासारखा असला की माणूस यंत्रावर शंका घेत नाही. मुलीने एकदा विचारलंही, “आई, मोठी हल्ली खात का नाही?” मी म्हटलं, उकाडा आहे.

मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली ती पहाटेच आली. पंप बंद, पाणी हलायचं थांबलेलं, दोन फूट खोल पाण्याला एवढंसं तोंड. सकाळी मोठी मादी दगडाच्या मागे पडलेली होती. नर पृष्ठभागाशी तोंड लावून हापापल्यासारखा श्वास घेत होता. क्लाऊनफिश नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षंही जगतात. ही आमच्याकडे येऊन पुरता एक मोसमही झाला नव्हता.

मी सगळ्यांना सांगितलं, वीज गेली म्हणून मासा गेला. शेजाऱ्यांना, मैत्रिणींना, मुलीलाही. ते सांगणं सोपं होतं आणि तेव्हा मला ते खरंही वाटत होतं. पाण्याचा नमुना बाटलीत भरून दुकानात नेला तो औषध विचारायला. दुकानदाराने दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकले, उजेडाकडे धरून बघितलं आणि काही न बोलता यंत्र माझ्या हातात दिलं. रेघ ४४वर होती.

समुद्रातल्या माशाच्या शरीरातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या कामाला ताकद लागते आणि ताकदीला ऑक्सिजन. कित्येक दिवस ती मादी नेहमीपेक्षा जास्त मेहनत करून जगत होती आणि त्याच वेळी मी तिचा ऑक्सिजन कमी करत होते. त्या रात्री वीज गेली नसती तर ती आणखी काही दिवस तगली असती, एवढाच फरक.

यानंतरची चूक मला सर्वांत जास्त टोचते, कारण तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. घाबरून घरी आले आणि तासाभरात पाणी काढून साधं पाणी ओतलं, ४४चं ३५ केलं. माशाला खारटपणा उतरलेला पुष्कळ सोसतो. कोळंबीला नाही, तिच्या शरीरातला क्षार बाहेरच्या पाण्याबरोबरच वर-खाली होतो. सफाई करणारी लाल-पांढरी कोळंबी तोवर कशीबशी टिकून होती, ती दुसऱ्या दिवशी आडवी झाली. तिला मारलं ते माझ्या घाईने. दिवसाला एक-दोन अंकांनी उतरवत आणलं असतं तर ती बहुधा वाचली असती. मुलीला मी त्या संध्याकाळी विजेबद्दल आधी सांगितलेलं मागे घेतलं. ती म्हणाली, “मग मी विचारलं तेव्हा बघितलं का नाहीस?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नर वाचला. कोपरा मोडला, आडवी टाकी आणली. काचेवर पातळीची रेघ आखली आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत साधं पाणी घालते. रिफ्रॅक्टोमीटर दर महिन्याला ३५च्या प्रमाणित द्रावणावर ताडून बघते. वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप आपोआप सुरू होतो. उंच टाकीत पुन्हा गोडं पाणी आणि वनस्पती आहेत.

क्लाऊनफिशमध्ये मादी गेली की जोडीतला नर हळूहळू मादी होतो. आमच्या नराचं तसंच झालं. त्याच्याजवळ एक लहान पिल्लू आणून ठेवलं, ते नर राहिलं आणि जोडी जमली. आता ती दगडाच्या कपारीत अंडी घालते आणि धाकटा नर पंखांनी त्यांना वारा घालत बसतो. आठवड्याभरात, बहुधा अंधार पडल्यावर, पिल्लं बाहेर येतात. इतक्या बारीक तोंडांना रोटिफर लागतात, रोटिफरना नॅनोक्लोरॉप्सिस नावाचं शेवाळ लागतं आणि या दोन्हींची जोपासना अंडी येण्याच्या आधीपासून स्थिर चाललेली असावी लागते. माझं शेवाळ दोनदा नासलं. ते नीट चालेपर्यंत पिल्लं वेगळी काढायची नाहीत असं ठरवलं आहे, त्यामुळे यंदाची अंडी मी त्या दोघांकडेच राहू दिली आहेत.