मधला पापुद्रा

खडा नजरेला पडलाच नाही. मये ओलांडून नार्व्याच्या वाटेला लागले होते, पुढे खडीचा ट्रक चालला होता, आणि एकदम समोरून टच्‌ असा आवाज आला, काशाच्या ताटावर कुणी नखाने टिचकी मारावी तसा. घरी येऊन पाहिलं तर काचेवर मसुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका. बोट फिरवलं तर खरखरीत लागला. एवढंच. पण त्या दिवसापासून मला रस्त्याच्या आधी काच दिसू लागली. इतकी वर्षं ती होती आणि नव्हतीही. आता ती होती.

गाडी बाबांची. १९९८ साली, प्राथमिक शाळेतली मास्तरकी संपत आली असताना, भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढून त्यांनी ही पांढरी मारुती ८०० घेतली. डिसेंबर १९८३मध्ये ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ साली ती बनवणं थांबलं. तीस वर्षांत आमच्यासारख्या किती घरांची ती पहिली गाडी झाली असेल! आमच्या दारात ती आली त्या संध्याकाळी आईने बॉनेटवर नारळ वाढवला आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं. पुढे दर दसऱ्याला त्याच जागी नवं बोट. रोज सकाळी बाबा कालचं वर्तमानपत्र चुरगाळून ओलं करायचे आणि काच पुसायचे. फडकं चालत नसे. कागदाने पुसली की धागे राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण पुसताना कुंकवाचा कोपरा तेवढा सोडत. पंचवीस वर्षांत तिथे एक फिकट तांबूस डाग कायमचा वस्तीला आला.

ठिपका पडला तो फेब्रुवारीत. त्याच महिन्यात, ११ फेब्रुवारी २०२३ला, जीर्णोद्धार होऊन गोव्यातल्या आमच्या नार्व्याचं सप्तकोटीश्वराचं देऊळ पुन्हा उघडलं होतं आणि गावात नव्याने ये-जा वाढली होती. पाडव्यापर्यंत ठिपक्याला बोटभर शेपूट फुटलं. एप्रिलच्या उन्हात ते वीतभर झालं. मग मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाची सर आली, दिवसभर तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं, आणि सकाळी पाहते तर भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. मधे हलका बाक, नकाशावर नदी काढतात तसा.

भेग अशी का धावते, हे ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी, काचेवरच प्रयोग करून, उलगडलं. काचेवरचा ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही. तो भेगेच्या टोकाशी, त्या अणकुचीदार बिंदूपाशी, गोळा होतो. म्हणून भेग जितकी लांब, तितकं तिला पुढे सरकायला कमी बळ पुरतं. सुरुवातीला खडा लागतो. नंतर नुसतं ऊन पुरतं, खड्ड्यातला हिसका पुरतो, दार आपटणं पुरतं. ठिपका कोवळा असतानाच त्यात राळ भरून घेतली तर बहुतेक वेळा तो तिथेच थांबतो. आम्ही ती वेळ जाऊ दिली. भेगेबद्दल हे वाचल्यावर मला काचेपेक्षा घरं जास्त आठवली. वाटणीवरून एका बोलण्याने सुरू झालेली आणि पुढे चुलीपर्यंत गेलेली कितीतरी घरं. शेवटी शेवटी तर भांडायला कारणही लागत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. आमची ही तिसरी वाढ. तडकलेल्या काचेनिशी गाडी तपासणीला नेण्यात अर्थ नव्हता. तरी मी बाबांना सांगायला कचरत होते. ते आता ऐंशीच्या घरात. गाडी चालवणं सोडून सात वर्षं झाली, पण कागद ओला करून काच पुसणं सोडलेलं नाही. भेगेवरून हात फिरवताना ते सावकाश फिरवत, दुखऱ्या जागेवरून फिरवावा तसा. मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "बाये, काच दिसत नाही तोवर चांगली. दिसायला लागली की बदलायची." वर्गात नियम सांगावा तसं सांगितलं आणि चहाचा कप उचलला.

डिचोलीला बाजाराच्या पलीकडे एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीने म्हापशाहून काच मागवून ठेवली होती. पुठ्ठ्यांत बांधलेली, मधे कागद घातलेली. मी बाबांना घेऊनच गेले. मिस्त्रीने त्यांच्यासाठी फणसाच्या सावलीत खुर्ची मांडली. त्याचा मुलगा बाबांच्या शाळेतला, हे तिथे गेल्यावर कळलं.

हल्लीच्या गाड्यांची काच चौकटीला डिंकासारख्या रसायनाने चिकटवतात. काढायची तर तारेने कापत काढावी लागते. जुन्या मारुतीची गोष्ट सोपी. काच रबरात बसलेली आणि रबर पत्र्याच्या कडेवर बसलेला. मिस्त्रीने वायपर उतरवले, आतला आरसा काढला. मग आत बसून बोथट पट्टीने रबराचा ओठ कडेवरून थोडा थोडा सोडवत गेला. त्याच्या हाताखालच्या पोराने बाहेरून दोन्ही तळवे काचेला धरले होते. आतून पायाने हळूच रेटा दिला आणि काच रबरासकट बाहेर आली. मला वाटलं होतं, आता तुकडे पडणार. एकही पडला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेली काच दोघांनी चादर धरावी तशी धरून भिंतीला उभी केली.

तुकडे का पडले नाहीत, ते मला वाचून ठाऊक होतं, पण पाहिलं त्या दिवशी. गाडीची पुढची काच एक नसते, दोन असतात, आणि त्यांच्यामध्ये पाऊण मिलिमीटर जाडीचा एक पारदर्शक पापुद्रा असतो. १९०३ साली पॅरिसमध्ये एदुआर बेनेदिक्तुस या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत फळीवरून एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. आत पूर्वी ठेवलेलं द्रावण वाळून त्याचा पातळ लेप आतल्या बाजूला बसला होता आणि त्याने सगळे तुकडे धरून ठेवले होते. त्या काळी मोटारींच्या अपघातांत माणसं फुटलेल्या काचेने चिरली जात. बेनेदिक्तुसने दोन काचांमध्ये तसा थर घालून पाहिला आणि १९०९मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या वायुरोधक मुखवट्यांच्या डोळ्यांनाही हीच काच बसवली गेली. सुरुवातीचा थर उन्हाने पिवळा पडे. नंतर त्याची जागा आजच्या, उन्हातही निर्मळ राहणाऱ्या पापुद्र्याने घेतली. गाड्यांच्या बाजूच्या काचा वेगळ्या. त्या भाजून कडक केलेल्या असतात आणि फुटल्या की खडीसाखरेसारखा ढीग होतो. पुढच्या काचेला मात्र फुटूनही जागा सोडायची नसते.

भिंतीशी टेकवलेल्या काचेच्या कडेला तो पापुद्रा दिसत होता. पंचवीस पावसाळ्यांची ओल शिरून कडेने दुधाळ झालेला. त्याच्याकडे पाहताना मला गावचं देऊळ आठवलं.

आमचा सप्तकोटीश्वर मूळचा नदीपलीकडचा, दिवाडी बेटावरचा. गोव्याच्या कदंब राजांचा तो कुलदेव. आपल्या नाण्यांवर आणि ताम्रपटांवर ते त्याच्या कृपेचा अभिमानाने उल्लेख करत. बहमनी फौजांनी तिथलं देऊळ पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते परत पाडलं. लिंग विहिरीवर पाणी ओढायच्या कामी लावलं होतं, असं सांगतात. त्यावरून दोर घासत होता. तिथून भाविकांनी ते उचललं, मांडवी ओलांडली आणि अलीकडच्या तीरावर, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या या डोंगराच्या कुशीत आणून ठेवलं. नार्वे हे नावही नदी ओलांडून आलं. पलीकडे दिवाडीवर अजून एक नार्वे आहेच. शके १५९०मध्ये, म्हणजे १६६८च्या नोव्हेंबरात, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने इथलं देऊळ बांधायला घेतलं गेलं. दारावरचा शिलालेख आजही ते सांगतो.

राजांची नावं शिलालेखात राहतात, आणि राहायलाच हवीत. पण पाडणं आणि बांधणं यांच्या मधल्या शंभराहून अधिक वर्षांचं काय? त्या वर्षांत देवाजवळ शिखर नव्हतं, राजा नव्हता. कुणीतरी सकाळी पाणी घालत होतं. कुणीतरी मुलांना सांगत होतं की आपला देव पलीकडून आला. कुणीतरी गोकुळाष्टमीला इथल्या पंचगंगेच्या तीरावर स्नानाला येत राहिलं. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. दोन जाड काचांच्या मधला तो पापुद्रा. आरपार दिसतो म्हणून दिसत नाही. घाव बसतो तेव्हाच कळतं की तो होता.

काच निघाल्यावर चौकटीच्या खालच्या पन्हळीत गंज निघाला. मिस्त्रीने तो खरवडला, पॉलिश पेपर मारला आणि रेडऑक्साइडचा हात दिला. "सुकूं दी," म्हणाला. गंजावर काच बसवली तर पाणी आत येणार, आणि दोन पावसाळ्यांत पत्रा जाणार. घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. तासभर आम्ही फणसाखाली बसलो. बाबा उठून जुन्या काचेपाशी गेले. वायपरने पंचवीस वर्षं घासून काढलेली कमान तिच्यावर होती, धुळीच्या कणांनी पडलेली बारीक टोचणी होती, आणि कोपऱ्यात आईचा डाग होता. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बाबांनी डागावर अंगठा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग परत येऊन खुर्चीत बसले.

रंग सुकला. नवा रबर नव्या काचेला चहूबाजूंनी चढवला. रबराच्या बाहेरच्या खाचेत मिस्त्रीने नायलॉनची दोरी पूर्ण फेरी भरली आणि तिची दोन टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून नेऊन मोकळी सोडली. साबणाचं पाणी फिरवलं. दोघांनी काच उचलून चौकटीवर टेकवली, टोकं आत सोडली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाय, तूं भितर बस. हांव सांगतां तेन्ना दोरी ओड. सवकास."

मी आत बसले. मिस्त्री काचेच्या पलीकडे, तळवे काचेवर. तो जिथे दाबेल तिथे मी ओढायचं. दोरी सुटत आली की रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो आणि तिथे पकड घेतो. खालची कड, मग डावा कोपरा. कोपऱ्यात दोरी अडली. मी जोर लावणार इतक्यात त्याने मान हलवली, तळहाताने दोन थापा मारल्या आणि दोरी आपसूक सुटली. आमच्या मधे काच होती, आवाज पोचत नव्हता. त्याच्या हातांवरूनच मला कळत होतं. विहिरीवरच्या त्या दोराने एका लिंगाला झिजवलं. या दोरीने एक काच जागेवर आणली. दोरच तो, ओढणारा कशासाठी ओढतो, यावर सगळं ठरतं. फेरी पूर्ण झाली आणि दोरी अख्खी माझ्या मांडीवर आली, ओली, साबणाच्या वासाची.

त्यानंतर पोराने पाइप धरून काचेवर पाणी सोडलं. आत बसून मी कडेकडेने बोट फिरवत गेले. थेंब नव्हता.

घरी जायच्या आधी बाबा म्हणाले, फेरीच्या धक्क्यावर घे. देवळापुढून गेलो, चिऱ्याच्या जुन्या भिंती, दीपस्तंभ, उतरत्या कौलांवर कलतं ऊन. बाबांनी बसल्या जागी हात जोडले. त्या वाटेने मी हजारदा गेले असेन, पण त्या दिवशी झाडांची पानं सुटी सुटी दिसत होती. जुन्या काचेवरच्या धुरकटपणाची आम्हाला इतकी सवय झाली होती की जग तसंच आहे असं वाटत होतं.

घरून मी कुंकवाची डबी घेऊन निघाले होते. धक्क्यावर गाडी थांबवली आणि वरच्या कोपऱ्यात, आई लावायची त्याच जागी, बोट टेकवलं. बाबांनी मागच्या सीटवरचं वर्तमानपत्र घेतलं. काच लखलखीत होती, पुसण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यांनी बाटलीतल्या पाण्याने कागद भिजवला आणि खाली उतरून पुसायला लागले. कुंकवाचा कोपरा सोडून.

परत येऊन बसले तेव्हा मांडवीवर भरतीचं पाणी होतं. फेरीबोट पलीकडच्या तीराला लागलेली. ते समोर बघत राहिले.

"पलीकडच्या नार्व्यातली माणसं चढताहेत," ते म्हणाले. मग हजेरी घ्यावी तसं मोजायला लागले. "चार. पाच. आणि एक बाई, कडेवर मूल घेऊन."